फायली उघडण्याआधी दोन पानं वाचा : संशोधनाला गुण देणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

सोलापूर

प्राध्यापकांच्या निवड आणि पदोन्नती समित्यांवर बसणारे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

विजापूर वेशीजवळ एक चिकनचं दुकान आहे. नोकरीत असताना मी दर काही महिन्यांनी, बहुधा गुरुवारी, तिथे स्टीलचा डबा घेऊन जायचो. गुरुवारी गिऱ्हाईक कमी, त्यामुळे मालकाला माझी नसती मागणी ऐकायला सवड असायची. मला मांस नको असायचं. कोंबडीच्या शेपटीकडच्या टोकाला, विष्ठेच्या वाटेच्या जरा वर, बोराएवढी एक थैली असते, ती हवी असायची. एरवी ती आतड्यांबरोबर बादलीत जाते. मालकाने माझ्यासाठी ती बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली. पैसे कधी घेतले नाहीत. "एवढं शिकून शेवटी बादलीतलंच न्यायला आलात की ओ सर," एवढं मात्र न चुकता ऐकवायचा.

२०१४ साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्राणिशास्त्राच्या वर्गातलं विच्छेदन थांबवलं. बेडूक गेला, झुरळ गेलं. बादलीतल्या थैलीला मात्र कुणाची हरकत नव्हती. ती उभी चिरली की आत पुस्तकाच्या पानांसारख्या घड्या दिसतात. मुलं वाकून बघायची आणि मी विचारायचो, हिचं काम काय असेल सांगा. हाच प्रश्न सत्तर-एक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकांना विचारला होता. तू शोधून काढ आणि आम्हालाही सांग, असं उत्तर त्याला मिळालं. आजचं पत्र त्या विद्यार्थ्याच्या एका पेपरबद्दल, म्हणजे शोधनिबंधाबद्दल आहे, आणि आपल्या टेबलावरच्या फायलींबद्दलही.

त्या थैलीला बर्सा ऑफ फॅब्रिशियस म्हणतात. पडुआचे शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचं वर्णन केलं. ते वर्णन असलेलं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२१ साली निघालं. त्यांचा समज असा, की कोंबडी तिच्यात नराचं वीर्य साठवते. थैली कोंबड्यालाही असते, तरी तिचं खरं काम कळायला पुढची तीनशेहून जास्त वर्षं जावी लागली. कळलं तेही चुकून.

ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा हा विद्यार्थी पोल्ट्री सायन्स शिकत होता. त्याने पिल्लांची थैली काढून पाहिली. वाढीत फारसा फरक पडेना, काही खास दिसेना. त्या कोंबड्या तशाच पडून होत्या. टिमथी चँग या सहविद्यार्थ्याला वर्गात एक साधं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. साल्मोनेलाच्या जंतूंचा अंश टोचायचा आणि काही दिवसांनी रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार झालेली दाखवायची. त्याने ग्लिककडच्या उरलेल्या कोंबड्या मागून घेतल्या. प्रात्यक्षिक सपशेल फसलं. काही कोंबड्या मेल्या, आणि ज्या जगल्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या रक्तात प्रतिपिंडं नावालाही नव्हती. दोघांनी नोंदी ताडून पाहिल्या, तर त्या सगळ्या थैली काढलेल्या निघाल्या.

आपल्याकडे असं प्रात्यक्षिक फसलं असतं तर काय झालं असतं? मी सांगतो, कारण मी तेच करत आलो. प्रात्यक्षिकाच्या जर्नल-वहीत अपेक्षित आकडा लिहून घ्यायचा, खाली सही करायची आणि तास संपवायचा.

ग्लिक, चँग आणि त्यांचे सहलेखक जॅप या तिघांनी पेपर लिहून 'सायन्स' या नामांकित नियतकालिकाकडे पाठवला. तो परत आला. मग १९५६ साली 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. ज्याच्या वाचकांना अंड्यांचा उतारा आणि खाद्याचा खर्च यांची चिंता, त्या नियतकालिकात. विस्कॉन्सिनमधल्या एका गटाने तो धागा उचलला, पण माणसांच्या रोगांवर काम करणाऱ्या मंडळींना पुढची काही वर्षं त्याचा पत्ताच नव्हता. कोंबडीचा पेपर कोण वाचतो?

वाचला, तो मिनेसोटातल्या एका बालरोगतज्ज्ञाने. मॅक्स कूपर यांच्यापुढे एक कोडं होतं. काही मुलगे जन्मतःच असे असतात की त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तयारच होत नाहीत; न्यूमोनिया, कानाचा संसर्ग, एक संपला की दुसरा. ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ साली असा पहिला मुलगा नोंदवला होता. गंमत म्हणजे यांची छातीतली थायमस ग्रंथी ठीक असते. आणि थायमसशिवाय प्रतिकारशक्ती उभी राहत नाही, हे तर जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवर दाखवलं होतं. मग या मुलांमध्ये बिघडलंय काय? कूपर, पीटरसन आणि रॉबर्ट गुड यांनी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लांपैकी काहींची थैली काढली, काहींची थायमस, आणि आधीच शरीरात पसरलेल्या पेशी मरून जाव्यात म्हणून त्यांना किरणोत्सार दिला. थैली नसलेल्या पिल्लांना प्रतिपिंडं बनवता येईनात. थायमस नसलेल्यांची अडचण वेगळीच निघाली. १९६५ साली 'नेचर'मध्ये त्यांनी मांडलं, की प्रतिकारशक्तीची फौज एक नाही, दोन आहेत. थायमसमधून येणाऱ्या त्या टी पेशी, बर्सातून येणाऱ्या त्या बी.

कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात 'बी पेशी' हा शब्द वाचला. तो बी या थैलीचा आहे. माणसाला ती थैली नसते, आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात तयार होतात. इंग्रजीतल्या बोन मॅरोचं आद्याक्षरही बीच निघालं, म्हणून नाव बदलावं लागलं नाही. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियलच्या मंडळींनी मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला २०२३ साली परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी पेशींना कॅन्सर झालेल्या बी पेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. एका वाक्यात टी आणि बी दोन्ही आले. हे वाक्य लिहिताना आज कुणी 'ग्लिक, १९५६' असा संदर्भ देत नाही. देण्याची गरजच वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराला नावच दिलं होतं: शोध इतका मुरतो, की शोधणाऱ्याचं नाव त्यात विरघळून जातं. म्हणजे प्रभाव जास्तीत जास्त, आणि सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांतला उल्लेख, कमी कमी होत जाणारं. तुमच्या गुणांच्या तक्त्यात हे कुठे बसतं?

तक्त्याबद्दल मला थोडं माहीत आहे. निवृत्तीआधी मी अशाच एका समितीत होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिच्याइतकाच दोष माझा आहे. एका दुपारी अकरा फायली होत्या. प्रत्येक फायलीसोबत एक तक्ता: पेपरांची संख्या, नियतकालिक यादीत आहे की नाही, इम्पॅक्ट फॅक्टर, सायटेशन, एच-इंडेक्स, पहिला लेखक की नंतरचा. पेपरचं शीर्षक लिहायला त्यात रकाना नव्हता. हे माझ्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर.

त्या अकरांत एका मुलीची फाइल होती. मुलगी म्हणतो, पण ती तेव्हा चाळिशीला आली होती. तिचं काम कोंबड्यांच्या लसीकरणावर, पेपर पशुवैद्यकीय नियतकालिकात, इम्पॅक्ट फॅक्टर एकाच्या आत. कुणीतरी म्हणालं, "हे कोंबड्यांचं आहे हो, आपल्या विषयाचं काय आहे यात?" सगळे हसले. मीही हसलो. स्टीलचा डबा घेऊन चिकनच्या दुकानात जाणारा माणूस हसला! सात मिनिटांत तिची फाइल मिटली आणि आम्ही पुढच्या फायलीवर गेलो. तिचा एकही पेपर आमच्यापैकी कुणी वाचला नव्हता. दोष एकट्या आकड्यांवर ढकलून मला सुटता येणार नाही.

आकड्यांचा जन्म तर चांगल्या हेतूनेच झाला. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सायटेशनची सूची करायची कल्पना मांडली, ती एखाद्या पेपरचं पुढे काय झालं याचा माग काढता यावा म्हणून. कुणी पुढे नेला, कुणी खोडला, हे बघायला. इम्पॅक्ट फॅक्टर आला तो नियतकालिकं निवडण्यासाठी. ग्रंथपालांना तो विशेष सोयीचा. एका नियतकालिकातल्या सगळ्या लेखांची ती सरासरी. आपण ती उचलून एकेका माणसाच्या कपाळावर चिकटवली. वर्गाची सरासरी बासष्ट आहे म्हणून प्रत्येक पोराला बासष्ट गुण द्यावेत, तसं. एच-इंडेक्स २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. एच-इंडेक्स दहा म्हणजे निदान दहा पेपर असे, की ज्यांचा प्रत्येकी निदान दहादा उल्लेख झालाय. साधा हिशेब आहे, आणि ज्याच्या नावावर एकच पेपर आहे त्याचा एच-इंडेक्स एकच्या वर जाऊच शकत नाही, मग त्या पेपरने जग का बदललेलं असेना.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी वकिली करतोय असं वाटेल. १९७० च्या दशकात 'सप्रेसर टी पेशी' या विषयावर पेपरांचा पूर आला होता. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी असतात, अशी ती कल्पना. परिषदा भरत, लोक एकमेकांचे उल्लेख करत. १९८० च्या दशकात लक्षात आलं, की ज्या जनुकाच्या आधारावर हा डोलारा उभा होता ते जनुक त्या जागी नाहीच. सगळं कोसळलं, आणि तो शब्द उच्चारणंही कमीपणाचं झालं. त्या काळात जपानचे शिमोन साकागुची आवर घालणाऱ्या पेशींवर काम करतच राहिले. १९९५ साली 'जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी'त त्यांनी त्या पेशी ओळखायची खूण दाखवली. २००१ साली मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी, दोघंही एका कंपनीत नोकरीला, आजारी उंदरांच्या एका वाणात फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. पुढे दोन्ही धागे जुळले आणि २०२५ चं नोबेल तिघांना मिळालं. म्हणजे जेव्हा आकडे फुगलेले होते तेव्हा आधार कच्चा होता, आणि जेव्हा शोध पक्का होत होता तेव्हा त्या विषयाचं नाव काढायला लोक कचरत होते. त्या वर्षांत साकागुचींची फाइल आपल्या टेबलावर आली असती, तर आपण कोणत्या रकान्यात काय लिहिलं असतं, याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

याचा अर्थ परत आलेला प्रत्येक पेपर ग्लिकचा असतो असा नाही. माझे तीन परत आले होते, आणि ते परत यायलाच हवे होते.

आता मोहोळकडच्या एका शेडची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी तिथे ब्रॉयलर कोंबड्या पाळतो. बी. एस्सी. दुसऱ्या वर्गात झाला, पुढे शिकला नाही. एका उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "सर, तुमची ती थैली आठवते का? परत आली बघा माझ्याकडं." पिल्लं तीन-चार आठवड्यांची, मरतूक सुरू झालेली. डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू चिरलं आणि आधी शेपटीकडची थैली बघितली. सुजलेली होती. गंबोरो.

पोल्ट्रीवाल्यांना हा शब्द माहीत नाही असं होत नाही. गंबोरो हे अमेरिकेतल्या डेलावेअरमधल्या एका गावाचं नाव. या रोगाचा विषाणू नेमका त्या थैलीवर जातो आणि तिथल्या कोवळ्या बी पेशी मारतो. पिल्लू वाचलं तरी अर्धं निकामी होतं. त्याला मग राणीखेत या रोगाची लासोटा लस पाजा, नाहीतर राणीखेतचं इंजेक्शन द्या, लस लागू पडत नाही, कारण लसीला उत्तर देणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. हे १९७२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, आणि ते कळलं ते थैलीचं काम काय ते ग्लिक आणि चँग यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून. माझा विद्यार्थी आता गंबोरोची लस वेळ बघून देतो. फार लवकर दिली तर आईकडून आलेली प्रतिपिंडंच ती मारून टाकतात. उशीर झाला तर विषाणू आधी पोचतो. दोन-तीन तास पिल्लांचं पाणी तोडायचं, मग लस घातलेलं पाणी द्यायचं, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने लस मरू नये म्हणून त्यात दुधाची पावडर. मी त्याला विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाला, "कंपनीच्या डॉक्टरनं. आणि थोडं तुम्ही, त्या डब्यातून."

त्याने ग्लिकचा पेपर कुठेही उद्धृत केलेला नाही. करणारही नाही. पण त्या पेपरच्या जोरावर दर दीड-दोन महिन्यांनी त्याची एक बॅच बाजारात जाते. त्या दिवशी ज्या बाईंच्या फायलीला आम्ही हसलो, त्यांचं काम याच पाण्याच्या आणि लसीच्या हिशेबातलं होतं. हे मला फाइल मिटल्यावर चार महिन्यांनी कळलं, जेव्हा मी शेवटी त्यांचा पेपर मागून घेतला आणि वाचला.

माझ्या स्वतःच्या यादीतही एक असा पेपर आहे, की जो कुणी वाचलेला नाही. एपीआयचे, म्हणजे पदोन्नतीसाठी मोजल्या जाणाऱ्या कामगिरीचे, गुण कमी पडत होते, म्हणून एका 'आंतरराष्ट्रीय' म्हणवणाऱ्या नियतकालिकाला दीड हजार रुपये पाठवले. आठ दिवसांत छापून आला. परीक्षकाची शंका एकही नाही. माझ्या सहलेखकानेही तो वाचला नव्हता, हे त्यानेच सांगितलं. तक्त्यात त्या पेपरला पूर्ण गुण मिळाले. असे पेपर रोखायला यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली, तर त्या यादीतल्या नियतकालिकांच्या नावाने खोट्या वेबसाइट निघाल्या. आपण सोलापूरकर आहोत, आपल्याला हे नवीन नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी भलत्याच गावची चादर 'सोलापुरी' म्हणून खपते. पण आपल्याकडची म्हातारी माणसं चादर घेताना लेबल वाचत नाहीत. घडी मोडतात, उलटी करून बघतात, वजन हातावर घेतात.

२०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादी बंद केली आणि चांगलं नियतकालिक कसं ओळखावं ते ठरवायचं काम संस्थांवर सोपवलं. म्हणून हे पत्र आत्ता लिहितोय. नवे निकष अजून बऱ्याच ठिकाणी घडत आहेत. मला भीती आहे, की एका यादीच्या जागी दुसरी, विकत घेतलेली यादी येईल आणि तक्ता तोच राहील.

माझी मागणी मोठी नाही. उमेदवाराने त्याचे किंवा तिचे फक्त दोन पेपर द्यावेत, आपल्या पसंतीचे. सोबत एक पान: काय शोधलं, ते कुणाच्या उपयोगी पडलं, आणि काय फसलं. मराठीत लिहिलं तरी चालावं. समितीतल्या निदान एका सदस्याने ते दोन पेपर बैठकीआधी वाचलेले असावेत आणि त्याने बैठकीत पाच मिनिटं त्यावर बोलावं. विषय कळत नसेल तर बाहेरच्या जाणकाराला बोलवावं. शेडमधला पशुवैद्य किंवा सिव्हिलमधला डॉक्टरही चालेल. एका दुपारी अकरा फायली होणार नाहीत हे मला कळतं. मग चार दुपारी लागू द्या. ज्या निर्णयावर एखाद्याची वीस वर्षांची नोकरी अवलंबून असते, त्याला चार दुपारी जास्त नाहीत. आकडे ठेवायचे तर ठेवा, पण शेवटच्या पानावर, वाचून झाल्यावर बघायला.

वेळ नाही, असं उत्तर येईल. मीही त्या दिवशी तेच म्हणालो असतो. म्हणून सोबत ग्लिक, चँग आणि जॅप यांच्या १९५६ च्या पेपरची प्रत जोडली आहे. पान २२४ आणि २२५, संपला पेपर. पुढच्या बैठकीत चहा येईल तेव्हा, फायलींची नाडी सोडण्याआधी, एकाने तो मोठ्याने वाचावा. चहा निवायच्या आत वाचून होतो, मी घड्याळ लावून बघितलंय.

कळावे,

आपला,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
सोलापूर